गाडीत कोण होतं

सून अकानेसी भांडत नाही, ही लेसिएलीची तक्रार होती. दुकानदारानं कुजके कंद दिले तरी घेऊन येते, शेजारीण कचरा फाटकाशी लोटते तर मुकाट झाडून टाकते, आणि आता नगरपालिकेचं दंडाचं पाकीट आलं तर निघाली भरायला. बालवाडीच्या दारात, जिथं थांबायचं नाही तिथं, सहा मिनिटं गाडी उभी केली म्हणून दंड. लहान मुलांच्या आईनं अर्ज केला की असला दंड माफ होतो, हे चर्चमधल्या चार बायकांनी सांगितलं होतं. मग भरायचा कशाला?

"जाऊ द्या ना, आई. भरून टाकते," अकानेसी दोनदा म्हणाली होती.

लेसिएलीनं दोन्ही वेळा ऐकलं नाही. तिनं स्वतः सांगून अर्ज लिहवून घेतला, आणि आज, टोंगा बेटांवर मोठ्या माणसांपुढं जाताना बांधतात तशी कमरेला चटई बांधून ती नगरपालिकेच्या कचेरीत येऊन बसली. शेजारी अकानेसी, तिच्या मांडीवर आठ महिन्यांचा सेमिसी, खुर्चीखाली चार वर्षांची फुसी.

टेबलापलीकडच्या बाईच्या छातीवर ब्रॉनविन असं नाव लावलेलं होतं. तिनं अर्ज वाचला.

"बाळाला कडेवर घेऊन मुलीला आणायला आत गेले, असं लिहिलंय तुम्ही."

"मग काय डोक्यावर घेऊन जाणार?" लेसिएली म्हणाली. अर्जातलं ते वाक्य तिनंच सांगितलेलं होतं. बाळ आईच्या कडेवर नाही तर कुठं असणार?

 बाईनं एकदा अकानेसीकडं पाहिलं.

"तुमच्या माणसानं फोटो काढलाय ना?" लेसिएली म्हणाली. "दाखवा. गाडी रस्त्यात आडवी होती का ते मला बघू दे."

"आई, नको."

"तू गप बस. मी आलेय ना?"

 बाईनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. गाडी फुटपाथला लागून सरळ उभी होती.

"बघा. बोटभरसुद्धा बाहेर नाही," लेसिएली म्हणाली, आणि मग तिला मागची काच दिसली. काचेआड सेमिसी होता. पट्ट्यात बांधलेला, मान एका खांद्यावर पडलेली, झोपलेला. काच चार बोटं खाली होती. पुढच्या काचेवर ऊन पडून ती नुसती पांढरी दिसत होती.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं फेब्रुवारीचं, ऐन उन्हाळ्याचं ऊन.

"बाळाजवळ कोण होतं?" बाईनं हळू विचारलं. "मला विचारावंच लागतं. एकटं असेल, तर हे प्रकरण माझ्याकडं राहत नाही. बालसंरक्षण खात्याकडं जातं. ते लोक चौकशीला घरी येतात."

अकानेसीनं सेमिसीला छातीशी धरलं. इतकं घट्ट, की तो कुरकुरला.

लेसिएलीनं पडद्यावरची नजर काढली नाही. बाईला कळू नये म्हणून टोंगन भाषेत, आवाज न चढवता, तिनं विचारलं, "एकटा होता?"

"कान दुखून तीन रात्री रडत होता. तेव्हाच डोळा लागला होता. उचललं असतं तर उठला असता."

"मी कुठं होते?"

"घरी."

"दोन घरं सोडून घर माझं. मग?"

अकानेसी खाली बघत म्हणाली, "मागं एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, माझी सात पोरं मी कुणाच्या गळ्यात मारली नाहीत."

म्हणाली होती. आठवत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"मी होते गाडीत," लेसिएली बाईला म्हणाली.

"तुम्ही?"

"पुढं बसले होते. उन्हानं दिसत नाही त्यात."

बाईनं फोटोकडं पाहिलं. मग लेसिएलीकडं, बराच वेळ. लेसिएलीनं पापणी हलवली नाही.

"बाळाजवळ तुम्ही होतात, तर मग दारातच थांबायची गरज नव्हती," बाई म्हणाली. "गाडी पलीकडं लावून त्यांना चालत जाता आलं असतं. मग माफी देता येत नाही. दंड कायम राहील."

"राहू दे."

"आणि तुम्ही होतात असं लिहून सही लागेल. खरं आहे अशी शपथ असते ती."

रविवारी चर्चमध्ये लेसिएलीच्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे. तिनं कागद पुढं ओढला. तिला फक्त सहीपुरती अक्षरं येत होती. एकेक काढत तिनं ती सगळी काढली.

बाहेर गाडी तापली होती. अकानेसीनं चारी दारं उघडली, फुसीला बसवलं, सेमिसीचे पट्टे लावायला वाकली. बक्कल लागत नव्हतं.

"माझ्यासाठी तुम्ही शपथेवर खोटं लिहिलंत," ती आत वाकूनच म्हणाली.

लेसिएलीनं तिला बाजूला केलं आणि बक्कल स्वतः लावलं.

"चूक तुझी आहे," ती म्हणाली. "सहा मिनिटं काय, एक मिनिटसुद्धा नाही. उद्यापासून बालवाडीला जाताना याला माझ्याकडं आणायचं. विचारायचं नाही. मांडीवर ठेवायचं आणि निघायचं. मी काही बोलले तर ऐकत उभी राहायचं नाही. मी बोलणारच."