बिनआवाजाची मोटार

१९३६ साली मोटार कारखानदार इनामदारांनी विजेच्या मोटारीला थेंबाचा आकार दिला आणि तिचा उरलासुरला वाऱ्याचा आवाजही गेला. चार वर्षांत कोल्हापुरातल्या सगळ्या मोटारी तशाच झाल्या.

आज ते इस्पितळात दत्तोबा सुतारांच्या खाटेपाशी बसले होते. दत्तोबा जन्मांध होते, हार्मोनियम दुरुस्त करत. मोटारीखाली सापडून त्यांचा पाय गेला होता.

“मी थांबून नीट ऐकलं होतं, साहेब. रस्ता रिकामा होता.”

“त्या मोटारीचा आकार माझाच आहे,” इनामदार म्हणाले.

दत्तोबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

इनामदारांनी कारखान्यात जाऊन आपल्या मोटारीच्या नाकाला भोकं पाडली. ती मोठ्याने शीळ घालत निघाली. पहिल्याच चौकात पोलिसाने अडवली आणि गोंगाटाबद्दल जप्त केली.