एकच तारा

आक्काची सून संयोगिता गच्चीवर चटई टाकून आभाळाकडं बघत पडली होती. उल्का बघायचा तिला भारी नाद. शेजारच्या गच्चीवरनं आक्काची चुलत जाऊ ओरडली, "आक्का, आवर की तुझ्या सुनंला! तुटता तारा बघितला की घरातलं माणूस जातंय, म्हाईत न्हाय व्हय तिला?"

आक्का गुडघे धरत जिना चढून वर आली. आता शिव्या पडणार म्हणून संयोगिता उठून बसली.

"सरक तिकडं," म्हणत आक्का तिच्याशेजारी आडवी झाली. "कुटं बघायचं?"

संयोगितानं बोट दाखवलं. एक तुटला, मग दुसरा, मग दोन एकदमच. थंडीनं दात वाजायला लागले, तरी आक्काची नजर हलेना.

सकाळी तिनं कठड्यावरनं जावेला हाक मारली. "रातभर पोतंभर तारं तुटल्यालं बघितलं मी. तुझी समदी जिती हायत न्हवं?"

"हायत की."

"माझी बी हायत. मग तीस वर्सांमागं मी एकच बघितलावता, तवा नवरा खाल्ला म्हणून गावभर का बोंबललीस?"