राखून ठेवलेला डाव

"दार लाव," हाओ वस्ताद म्हणाले. "कडीही घाल."

तोंग येननं अंगणाचं दार लावलं. वळचणीच्या तुळईला भाले उभे टांगलेले होते. जमिनीवर टेकवून ठेवले तर वाकतात. तिनं त्यातला एक उतरवला. सरावाचा भाला, त्याला पातं नव्हतं. मेणझाडाच्या लवचीक लाकडाचा लांब दांडा आणि टोकाशी लाल झुपका. बोराच्या झाडाखाली ती वस्तादांसमोर उभी राहिली. लग्न झालं, मुलं झाली, पाइपच्या कारखान्यातल्या पाळ्या मागे लागल्या, तरी तिनं या अंगणात येणं सोडलं नव्हतं. बाकीचे शिष्य कधीच पांगले होते.

वस्तादानं एक डाव राखून ठेवायचा, असा त्यांच्याकडचा रिवाज. हाओ घराण्याच्या त्या डावाचं नाव पानगळ. आपला दांडा समोरच्याच्या दांड्यावर टेकवायचा, वाटीएवढा वळसा द्यायचा आणि कंबरेतून झटका आणायचा. समोरच्याच्या हातातून भाला सुटून खाली पडतो. हा डाव फक्त पोटच्या मुलाला द्यायचा. हाओंना मूल झालं नाही.

वडिलांनी त्यांना तो तोंडी सांगितला होता. करून दाखवायच्या आधीच ते गेले. तेव्हा हाओंचं नुकतंच लग्न झालं होतं. दार बंद करून ते बायकोच्या हातात दांडा द्यायचे आणि झटत राहायचे. भाला काही पडेना. त्यांचं जेवण सुटलं, बोलणं सुटलं. मग एका पहाटे रुइलानच्या हातून भाला गळाला. हाओ पोरासारखे ओरडले. तीही हसली. त्यानंतर रोज पहाटे ती समोर उभी राही, भाला पडे, ती वाकून उचले आणि राळ्याची पेज ढवळायला आत जाई.

या हिवाळ्यात रुइलान गेली.

"छिनदादाला नाही दाखवलात तो डाव," तोंग म्हणाली. "मग मला कसा?"

वस्ताद दांड्यावरून हात फिरवत राहिले. छिन त्यांचा सगळ्यात गुणी शिष्य. पानगळ दाखवा म्हणून त्यानं याच अंगणात गुडघे टेकले होते. वस्तादांनी पाठ फिरवली. तो दक्षिणेकडे निघून गेला तो गेलाच. रुइलानच्या मयतालाही आला नाही. तो गेला त्या दिवशी रुइलान एवढंच म्हणाली होती, "नाही दाखवलात तेच बरं केलंत." वस्तादांना वाटलं होतं, घराण्याची चाड हिला माझ्याहून जास्त.

"माझ्याबरोबर मातीत जाऊ देऊ का मग?" ते म्हणाले. "बडबड पुरे. घट्ट धर."

"पाहुणीसारखा धरू की वैऱ्यासारखा?"

"वैऱ्यासारखा. पडला तर रडायचं नाही."

"रडले तर कोपऱ्यावरची गाढवाच्या मटणाची पोळी द्यायची."

दांड्यावर दांडा टेकला. वस्तादांनी वळसा दिला, झटका दिला. तोंगचा दांडा थरथरला. पडला नाही.

"पुन्हा," वस्ताद म्हणाले.

पुन्हाही पडला नाही.

"तुझं लक्ष नाही," ते चिडले. "अंग चोरून उभी आहेस. डाव अंगावर घ्यावा लागतो."

"घेतेय की, वस्ताद."

"तुझ्या रुइलानकाकूच्या हातूनही एकदा नव्हता पडला. एकदाच. तिचंही लक्ष नव्हतं त्या दिवशी."

"काकूंचं लक्ष नव्हतं? कुठं होतं मग?"

वस्तादांनी दांडा खाली घेतला. "रात्री माहेरचा निरोप आला होता. आई गेली म्हणून."

तोंगनं मान वर केली. "आणि पहाटे तुम्ही सराव घेतलात?"

"गाडी दुपारची होती." "घेतला. रागावलोही. लक्ष कुठाय म्हणालो. ती म्हणाली, चुकलं माझं. पुढच्या खेपेला पडला."

काकूंची मनगटं तोंगला आठवत होती. माहेर मेणझाडाचे दांडे तासणाऱ्यांचं. पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या काकू एका हातात उचलायच्या.

"ये," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "अजून एकदा."

दांड्यावर दांडा टेकला. वळसा. झटका. तोंगचा भाला हातातून सुटला आणि फरशीवर आपटला.

"पडला!" ती म्हणाली. "बघा, पडला की, वस्ताद!" आणि त्यांच्याकडे न बघता, हसत, ती तो उचलायला खाली वाकली.

वस्ताद तिच्या हाताकडे बघत होते. झटका पोचायच्या जरा आधी तिची बोटं उघडली होती. आधी डाव्या हाताची, मग उजव्याची. ते हसणं, ते घाईनं वाकणं. हे त्यांनी जन्मभर रोज पहाटे पाहिलं होतं.

त्यांनी आपला भाला भिंतीला टेकवला. तुळईला टांगायचं त्यांना सुचलं नाही.

"वस्ताद? चुकलं का माझं?"

"नाही," ते म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. दार उघड."

तिनं कडी काढली. वस्ताद बोराखालच्या पायरीवर बसले. त्या पहाटे रुइलानचं लक्ष नव्हतं, हे खरंच होतं. आईच्या दुःखात ती भाला सोडायला विसरली होती.