रिकामी टोपली

चौथा मासाही एफ्राइमनी नदीत सोडला.

आधी हात ओले केले, गळाचा आकडा हळूच काढला. मग प्रवाहाकडे तोंड करून माशाला दोन्ही हातांत धरून ठेवलं. "दमलाय बिचारा," ते म्हणाले. "श्वास घेऊ दे त्याला."

काठावर बसलेल्या मिरियमनं वडिलांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. हॉस्पिटलातही नाही. आईला जाऊन महिना झाला होता. पपा एकटे पडतील म्हणून आज ती पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर आली होती.

"नेहमी एवढे लागतात, पपा?"

"सप्टेंबरात? याहून जास्त!" महिन्याभरात ते पहिल्यांदाच हसले.

"आईला तर सांगायचात, एकही लागला नाही."

एफ्राइमनी गळ पुन्हा पाण्यात टाकला. "वाइल्ड ट्राउट आहेत, मिरी. या देशातले लोक सोडून देतात. घरी नेणं, इट्स जस्ट नॉट डन. तिला काय ते कळणार होतं?"

आई म्हणजे रेवदंड्याची, समुद्रकाठची बाई. दर रविवारी नारळ, कोथिंबीर, लसूण वाटून तयार ठेवायची. टोपलीत जुन्या साडीचा धुतलेला तुकडा घालून द्यायची. संध्याकाळी मसाला डबीत भरून फ्रीझरमध्ये टाकायची. "पुढच्या रविवारी लागेल," असं तीच त्यांना समजवायची. शेवटच्या आठवड्यात तिनं ताज्या माशाचं कालवण मागितलं, तेव्हा पपा म्हणाले होते, "यंदा नदीत मासेच नाहीत गं." मिरियम तिथेच उभी होती. तिला त्यांची दया आली होती.

गळाची काठी पुन्हा वाकली. पाचवा. पोटाकडे केशरी, अंगावर लाल ठिपके. मिरियम बुटांसकट पाण्यात उतरली आणि तिनं मासा घट्ट पकडला.

"हात ओले कर आधी! कोरड्या हातानं भाजतं त्याला!"

"मारायचा कसा, ते सांगा."

"मिरी, लहान आहे तो."

"एका बाईपुरता आहे."

एफ्राइम ओले हात पुढे धरून तसेच उभे राहिले.

मिरियमनं काठावरचा दगड उचलला. एकदाच मारला. मग वेताच्या टोपलीचं झाकण उघडलं. इतक्या वर्षांत त्या टोपलीला माशाचा वास लागला नव्हता. तळाशी साडीचा तुकडा होता, कोरडा. घडी अजून आईनं घातलेलीच होती.

ती मोडायला तिला दोन्ही हात लागले.