एका दिवसाचा ताप

या सौद्यात धाकट्याला बायको मिळणार होती आणि बदल्यात द्यायचा होता एका दिवसाचा ताप. निदान शिंपीणबाईंचा हिशेब तसा होता.

उलटं करून शिवण पाहिल्याशिवाय त्या कापड घेत नसत. जावई कसा घेतील? त्यांच्या नवऱ्याची छाती विडीच्या धुरानं खाल्लेली. म्हणून ट्रक चालवणाऱ्या थोरल्यानं मुलीला मागणी घातली, तेव्हा त्याच्या बोटांचा वास घेऊनच त्यांनी त्याला दारातून परत धाडलं. त्यानं विडी सोडली. तरी नाहीच. मग घड्याळं दुरुस्त करणारा त्याचा धाकटा भाऊ आला.

"थोरला रागावला नाही ना?"

"दादानंच तर पाठवलंय मला, मावशी."

शिंपीणबाई ज्यांचे कोट शिवत, त्या डॉक्टरीणबाईंना एका प्रयोगासाठी निरोगी फुप्फुसांची माणसं हवी होती. मेलेल्या जंतूंच्या सालीतलं विष हुंगल्यावर धडधाकट छाती कशी झुंजते, ते त्या तपासत. धूर ओढणारा तिथे आधीच्या चाचण्यांतच पकडला जाई.

"तिथे टिकलास, तर पोरगी तुझी."

"टिकतो की! पण ताप उतरेपर्यंत जवळ आपलं माणूस लागतं म्हणे. तुम्हीच बसा."

"मीच बसणार. तुझा काय भरवसा!"

मुलीला कधी नजरेआड न करणाऱ्या शिंपीणबाई त्या सकाळी दुकान तिच्यावर सोपवून निघाल्या. मुलीनं त्यांना घट्ट मिठी मारली.

"अगं, सुळावर तो चढतोय, मी नाही!"

धाकट्यानं नळीतून विषाचे फवारे ओढले. दुपारी खोकला सुरू झाला, छाती आवळली, मग दात वाजायला लागले.

डॉक्टरीणबाई रक्त तपासून म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी धावून आल्यात. छाती शाबूत आहे, म्हणून तर भांडतेय. उद्या खणखणीत होईल."

शिंपीणबाईंचा चेहरा खुलला. "मग मी जरा दुकानात डोकावून येते."

"नका ना जाऊ, मावशी." त्यानं कण्हत त्यांचा हात धरला.

त्या विरघळल्या. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिल्या. पुन्हा उठल्या, तर त्यानं पुन्हा बसवलं. असा चिवट जावई शोधून मिळाला नसता.

संध्याकाळी ताप उतरला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. थोरला होता.

धाकट्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. विवाह नोंदणीची कचेरी आता बंद झाली असणार.

"सह्या झाल्या ना, दादा?" तो हळूच म्हणाला. "मग वहिनीला फोन दे, तिच्या आईशी बोलू दे. माझा ताप उतरलाय. आता त्यांचा चढेल."