ब्लॉगवरचा वाघ

हिम्मतरावांना नातीनं, योगिनीनं ब्लॉग उघडून दिला, आणि आता त्यावर लिहायचं काय, याचा नारायणगुड्याच्या घरात सकाळपासून खल चालला होता.

"आजोबा, तुम्ही रेल्वेत असताना सिकंदराबादच्या यार्डातून नुसती बत्ती दाखवून वाघ पळवून लावला होता ना, तेच लिहा!"

"हौ, लिहा की!" मालनबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "आपल्या लग्नात सांगितलंत तेव्हा ते रानमांजर होतं. पोराच्या बारशाला बिबट्या झाला. परवा जामबागेत व्याह्यांकडे ऐकते तर चक्क पट्टेरी वाघ!"

योगिनी हसत हसत टाइप करायला लागली. हिम्मतरावांनी घाईघाईनं तिच्या हातातला फोन काढून घेतला.


"नको गं बाई. एकदा लिहून टाकला, की वाढायचा थांबेल बिचारा!"