धारेची वेळ

गोठ्यात म्हैस ओरडली तशी शालूबाईच्या हातातली कपबशी वाजली.

तिनं चहा वर्षाराणीपुढं ठेवला. राजारामपुरीतल्या विमा ऑफिसातून वर्षाराणी आज मुरगूडला आली होती, शालूबाईच्या नवऱ्याचा, जोतीरामचा क्लेम तपासायला. फौंड्रीत साच्याची लोखंडी पेटी त्याच्या उजव्या हातावर पडली होती. मनगट वळत नव्हतं, बोटं मिटत नव्हती.

"घरात काय काय कामं करता?" वर्षाराणीनं त्याला विचारलं.

उत्तर शालूबाईनंच दिलं. "काय न्हाय ओ, मॅडम. ह्यास्नी हात हालवाय कुठं येतोय? समदं मीच बघती."

फौंड्रीतल्या जोडीदारांनी बजावलं होतं. विम्याची माणसं घरी येतात, माणूस कामाला हात लावताना दिसला की 'काम करू शकतो' असं लिहून मोकळी होतात. मग भरपाई कापली जाते.

म्हैस परत ओरडली. दावं ताणून ती खुरं आपटत होती.

"धारेची वेळ झाली वाटतं," वर्षाराणी म्हणाली. "कोण काढतं?"

"मीच की."

"मग काढून घ्या. मी थांबते. यांच्याशी अजून बोलायचंय."

शालूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली बघत होता. रेडकू दगावल्यापासून ती म्हैस त्याच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती.

ती बादली घेऊन गोठ्यात गेली. पुढच्या सोप्यात प्रश्न चालू राहिले. जोतीराम उत्तरं देत होता, पण त्याचा कान तिकडंच होता. आधी शालूबाईचं चुचकारणं ऐकू आलं. मग बादली फरशीवर आदळली, आणि पाठोपाठ तिची किंकाळी.

तो धावला. वर्षाराणी त्याच्या मागोमाग गेली.

शालूबाई मांडी दाबून भिंतीशी बसली होती.

"लागलं काय गं?"

"न्हाय. तुमी जावा भाईर." मग हळूच, दात आवळून, "जावा म्हंती न्हवं!"

जोतीराम गेला नाही. त्यानं बादली उचलून गुडघ्यांत धरली, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि डाव्या हातानं एकेक सड पिळू लागला. उजवा हात मांडीवर उताणा पडून होता. म्हैस शांत झाली. रिकाम्या बादलीत धार वाजू लागली.

"एकाच हातानं काढत्यात, मॅडम," शालूबाई म्हणाली. "लई येळ लागतोय. समदी निघत बी न्हाय. त्येवढं लिवा."

वर्षाराणीनं पर्समधून मोबाईल काढला.

"ह्यो कशापायी?"

"जे दिसलं त्याचा फोटो जोडावा लागतो, ताई. आमचे साहेब तोच बघतात."

"मग साहेबास्नी काय दिसंल त्यात? हात का बादली?"

वर्षाराणीनं मोबाईल समोर धरला.

शालूबाई भिंतीला धरून उठली. लंगडत पुढं आली आणि मोबाईलच्या अन् नवऱ्याच्या मधे उभी राहिली.

"बाजूला व्हा, ताई."

ती हलली नाही. तिच्या पाठीमागं धार चालूच होती.